काठाला आला तो दाराला आला

एडिसन, न्यू जर्सी
१८ मे २०२५

ती. हौशीरामदादास,
धाकट्या रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तेजस्विनीने फोटो काढून पाठवला, माझ्या शैलेशने तो छापून माझ्या हातात दिला. तुझ्या नातीने धाडायचं, माझ्या लेकाने छापायचं आणि आपण दोघांनी वाचायचं, असं आपलं घरचं टपालखातं बरं चाललं आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डबीत घालून फळीवर ठेवतोस. व्हिडिओ लावला की नुसता ओरडतोस, इकडे नातू शौर्य घाबरून आईच्या मागे लपतो. त्यापेक्षा पत्रच बरं.

पंचमीला ये, असं लिहिलंस. तेही कसं, तर म्हशीचं वेत झालं, ऊस तुटला, बिबट्याने कुणाचं कुत्रं नेलं, हे सगळं लिहून झाल्यावर खाली जागा उरली म्हणून एक ओळ. दादा, लग्न झाल्यापासून दर पंचमीला तू मला न्यायला यायचास. मुराळी दारात दिसल्याशिवाय मी सासरचा उंबरा कधी ओलांडला नाही. आई म्हणायची, बोलावणं कुणीही धाडतं, न्यायला येतो तो भाऊ.

इथे येऊन नऊ वर्षं झाली, हे जाऊन चार. शैलेश कामात, सोनल कामात, मी आणि शौर्य घरात. माझं काही वाईट चाललेलं नाही. पण खरं सांगते, आता गावाला यायची मला भीती वाटते. सासरचं घर दिरांचं झालं. माहेरात मी कोण म्हणून यायचं? तेव्हा मुराळी आला तर येईन, नाहीतर पंचमीला इथेच खिडकीतून झाडं बघेन. हे थट्टेत लिहिते आहे, पण सगळंच थट्टेत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, तेजस्विनीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रत्ना

*

निरगुडसर
२५ मे २०२५

चि. रत्ना हीस,
हौशीरामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.

मला एवढंच कळव, इथून तुमचं गाव किती लांब आणि विमानाला वेळ किती लागतो. मी चौघांना विचारलं तर पाच उत्तरं मिळाली. आपला शेजारी पोपट पोराकडे दुबईला जाऊन आला आहे. तो म्हणतो, आमी तीन तासात पोचलो व्हतो, तितून पुढं अमेरिका काय लई लांब नसंल. मंचरला तिकिटं काढून देणारा म्हणाला, बावीस तास. तेजस्विनीच्या फोनात सोळा दिसतात. वाट एकच, तर कुणाला सोळा आणि कुणाला बावीस का?

अंतराचंही तेच. तेजस्विनी म्हणते साडेबारा हजार. शैलेशने मागे मला सात हजार आठशे सांगितल्याचं पक्कं आठवतं. मी म्हटलं, नऊ वर्षांत गाव एवढं लांब सरकलं की काय. ती म्हणते, ते मैल होते, हे किलोमीटर. असेल. मग मी कोसात काढून बघितलं, तर चार हजाराच्या आसपास कोस आले. बैलगाडीने निघालो तर रस्त्यात दोन पंचम्या जातील.

पोरीने नकाशावर विमानाची वाटही दाखवली. अमेरिका मावळतीला, आणि विमान जातं वर उत्तरेला बर्फाच्या अंगाने. मंचरहून नारायणगावला जायचं तर कुणी भीमाशंकरावरून जातं का? ती म्हणते पृथ्वी गोल आहे म्हणून तीच वाट जवळची. माझं डोकं दिवसभर गरगरलं. तू जाऊन बसलेली आहेस, तूच नीट सांग.

मुराळ्याचं वाचलं. त्याचं बघू. मधे मुंबईला एका कामाला जायचं आहे.

तुझ्या वहिनीचा आशीर्वाद. पत्राची वाट बघायला लावू नकोस.

हौशीराम

*

एडिसन
८ जून २०२५

ती. दादास,
रत्नाचा नमस्कार.

तू विचारलंस म्हणून शैलेशला शेजारी बसवून लिहिते. इथल्या न्यूअर्कच्या विमानतळावरून मुंबईला थेट विमान आहे. मधे कुठे उतरलं, थांबलं, दुसरं विमान धरलं, की बावीस तास होतात. थेट असेल तर मुंबईहून इकडे यायला सोळा आणि इकडून मुंबईला चौदा, साडेचौदा. अंतर तेच, पण तिकडे जाताना वरचा वारा पाठीमागून लोटतो, म्हणून लवकर पोचतं, असं शैलेश म्हणतो. मी त्याला सांगितलं, माहेरची वाट लवकर सरते हे मला बैलगाडीत बसायचे तेव्हापासून माहीत आहे, त्याला वारा कशाला हवा? तो हसला. त्याला सगळं ठाऊक असतं आणि हे ठाऊक नव्हतं.

आणखी एक घोळ आहे. तुमचं घड्याळ आमच्या साडेनऊ तास पुढे. इथे मी रात्रीची भांडी घासते तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीची धार काढून होते. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली, तू एका पत्रात समजून घ्यायच्या फंदात पडू नकोस.

झालं का समाधान? मी मुराळी मागितला आणि तू मोजणीवाल्यासारखं अंतर मागितलंस. वर लिहितोस, त्याचं बघू. आपल्याकडे सोयरिकीला नकार द्यायचा असला की पाहुण्यांना असंच सांगतात. माझा राग नाही, पण वाईट वाटलं. लांब आहे हे मलाही दिसतं. लांब आहे म्हणूनच विचारलं होतं.

पंचमीचं आता काही लिहू नकोस. तब्येतीला जप. लोभ आहेच, तो किलोमीटरमध्ये मोजू नकोस.

रत्ना

*

निरगुडसर
१५ जून २०२५

प्रिय आत्याआजीस,
तेजस्विनीचा नमस्कार.

आजोबांनी हे तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय, म्हणून सांगते. मी कॉलेजच्या वसतिगृहातून दर रविवारी घरी येते, तुमची पत्रं मीच पाठवते, त्यामुळे दोन्हीकडचं मलाच वाचावं लागतं आणि पोटात ठेववत नाही.

आजोबांनी गेल्या दिवाळीतच पासपोर्ट काढला. का, ते कुणालाच सांगितलं नाही. आजीला वाटलं रेशनकार्डाचं काहीतरी आहे. अमेरिकेच्या व्हिसासाठी या मंगळवारी मुंबईला मुलाखत होती, मी सोबत गेले होते. तिथे अंतर, वेळ सगळं विचारतात असं पोपटकाकांनी सांगितलेलं, म्हणून ते तुला खोदून खोदून विचारत होते. तुझं उत्तर त्यांनी पाठ केलं होतं.

मला आत सोडलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. खिडकीपलीकडच्या बाईंनी दुभाष्याकरवी विचारलं, कशाला जायचंय? आजोबा म्हणाले, बहिणीला आणायला. बाईंनी विचारलं, बहीण आजारी आहे का? तर नाही. तिला कुणी अडवून ठेवलंय का? तर नाही, भाचा लई गुणाचा हाय. मग ती स्वतः का येत नाही? आजोबा म्हणाले, स्वतःहून कशी येईल, तशी रीत न्हाई. किती दिवस राहणार, या प्रश्नाला त्यांनी सांगितलं, एक रात्र. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघणार. बाईंनी व्हिसा नाकारल्याचा कागद देऊन त्यांना परत पाठवलं.

मी म्हटलं, आजोबा, फिरायला जातो म्हणायचं होतं. तर म्हणाले, मी फिरायला कुठं चाललो व्हतो? तुझं आठ तारखेचं पत्र त्यांनी खिशातच ठेवलंय. तू रागावू नकोस गं त्यांच्यावर.

तुझी
तेजू

*

निरगुडसर
२२ जून २०२५

चि. रत्ना हीस,
अनेक आशीर्वाद.

पोरीने तुला सगळं लिहिलं हे तिच्या तोंडावरूनच कळलं. झालं ते झालं. त्या बाईचंही काही चुकलं नाही. एका रात्रीसाठी सोळा तास जाणारा माणूस तिने याआधी पाहिला नसेल.

पण मला तेव्हापासून एक गोष्ट सारखी आठवते आहे. तुझ्या लग्नानंतरची दुसरी पंचमी. मी गाडी जुंपून आलो तर मधल्या नदीला हा पूर. मी अलीकडे उभा, तुझे सासरे तुला घेऊन पलीकडे उभे. ते ओरडून काहीतरी सांगत होते. तेव्हा माझे कान चांगले होते, तरी एक अक्षर कळलं नाही. मग त्यांनी गुऱ्हाळावरची गुळाची काहील आणवली, तुला तीत बसवलं आणि दोन पोहणारे गडी दोन बाजूंना धरून तुला घेऊन आले. तू डोळे मिटून बसली होतीस आणि मांडीवर गाठोडं घट्ट धरलं होतंस. तुझी सासू पुढे वर्षभर म्हणत होती की मुराळी दाराला शिवलाच नाही, सून आपल्या पायाने गेली. तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी तिला सांगितलं, काठाला आला तो दाराला आला.

तेव्हा आता तूच ठरव. पलीकडे यायला मला मनाई आहे. मुंबईचं विमानतळ हा अलीकडचा काठ. मी तिथे येऊन उभा राहतो. काहिलीऐवजी विमान आहे, एवढाच काय तो फरक. तुला काठ चालत असेल तर कळव. चालत नसेल तर तेही स्पष्ट कळव, मी समजून घेईन.

मागच्या पत्रात त्याचं बघू असं लिहिलं ते चुकलंच. मला दुसरं काही सुचलं नाही.

हौशीराम

*

एडिसन
२९ जून २०२५

ती. दादास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. शौर्यने आईला सांगितलं की आजीला कांदा लागला. तेजूचं पत्र आलं तेव्हापासून ते रोज काढून वाचत होते. तुझ्या खिशात पासपोर्ट होता आणि मी तुला मोजणीवाला म्हटलं.

काठ चालतो. काहिलीतल्या वेळीही चालला होता.

शैलेशने तिकीट काढलं. शौर्यला सुट्टीत कोण बघणार म्हणून सोनल थोडी खट्टू आहे, पण तिनेच माझी बॅग काढून पुसून ठेवली. मंगळवारी, बावीस जुलैला रात्री नऊला विमान निघतं. मुंबईला पोचायची वेळही रात्री नऊच लिहिली आहे. मी शैलेशला म्हटलं, हे छापताना चुकलं, निघायची वेळच दोनदा पडली. तो म्हणाला, नाही, चौदा तास प्रवासाचे आणि साडेनऊ घड्याळाच्या फरकाचे मिळून जवळजवळ एक दिवस होतो, म्हणून बुधवारी रात्री नऊ. आता तूच बघ काय कळतं ते.

वहिनींना म्हणावं, दिंडं माझ्यासाठी जास्तीची उकडा. येतेच आहे, तेव्हा लोभ तिथे आल्यावरच मागेन.

रत्ना

*

निरगुडसर
६ जुलै २०२५

चि. रत्ना हीस,
आशीर्वाद.

तिकिटाचं वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला, पण एक मोठी अडचण आहे. नऊला निघून नऊला पोचणं मी सोडून दिलं, ते पोपटालाही सुटलं नाही. अडचण वाराची आहे. तुमच्याकडे मंगळवारची रात्र, तेव्हा आमच्याकडे बुधवारची सकाळ. जाशील बुधी तर येशील कधी, हे तुला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी आपण घरून मंगळवारी निघालो म्हणून मी निर्धास्त होतो, पण विमान उडालं बारा वाजून गेल्यावर, म्हणजे बुधवारीच. तुला काचेपलीकडे सोडून परत फिरताना मला ते लक्षात आलं. त्यानंतर तू आलीच नाहीस. मी हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

यावर तुझी वहिनी काय म्हणाली ते ऐक. ती म्हणाली, आवो, आता ती तितून निघनार हाय. बुधवारी निघाली तर तिकडं माघारी जानार न्हाई, मंग आपलंच बरं का न्हाई? खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला ते पटत होतं. मग त्या लहान पोराचा विचार आला. त्याच्या आजीला असं तोडून आणणं बरं नाही.

तेव्हा वार बदल. तुमचा मंगळवार धरायचा की आमचा बुधवार, हे मी देवळातही विचारलं. तिथे तिघांनी तीन सांगितलं. वार बदललेलाच बरा.

बाकी काही मागणं नाही. ये.

हौशीराम

*

एडिसन
१३ जुलै २०२५

ती. दादास,
रत्नाचा नमस्कार.

वार बदलला. शैलेश तोंडातल्या तोंडात पुष्कळ बोलला, पण बदलला. आता गुरुवारी, चोवीस जुलैला रात्री नऊला निघते. हे झाल्यावर सहज भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, तर त्या गुरुवारी दिव्याची अवस. मी डोक्याला हात लावला. मग शैलेशनेच हिशेब केला की आमच्या गुरुवारी रात्री नऊला तुमच्याकडे शुक्रवारची सकाळ, म्हणजे अवस संपून श्रावण लागलेला. आता बुधवार टाळताना आपण तुमचा वार धरला, तर अवसही तुमचीच धरू. एकदा इकडचं आणि एकदा तिकडचं धरलं तर मी विमानात बसायचीच नाही.

तेव्हा नीट वाच. तुमच्या शुक्रवारी, पंचवीस तारखेला, रात्री नऊला मी मुंबईत उतरते. गुरुवारी नाही. तेजूकडून ते दारावर खडूने लिहून घे. आणि एकटा येऊ नकोस.

रत्ना

*

निरगुडसर
२७ जुलै २०२५

चि. शैलेश व सौ. सोनल यांस,
आईचे आशीर्वाद, शौर्यला गोड पापा.

पोचल्याचा फोन तेजूने केलाच आहे. पण सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथल्या रीतीने लिहिते.

विमान वेळेवर उतरलं. चाकाच्या खुर्चीतून मला बाहेर आणलं तर नावांच्या पाट्या धरून माणसांची ही गर्दी. तिच्यात पांढरी टोपी घालून, काठी टेकून मामा उभा होता. पाटी नाही, काही नाही. शेजारी तेजू आणि पोपटराव. तेजूचे डोळे रडून सुजलेले. मला वाटलं कुणाचं काहीतरी झालं.

झालं होतं ते असं. मामा गुरुवारीच सकाळी एकटा एस.टी.त बसून मुंबईला गेला. घरी मंचरला जातो म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत आला नाही तेव्हा शोधाशोध सुरू झाली. फोन वाजत होता, पण त्याला कुठे ऐकू येतो? दारावर खडूने शुक्रवार लिहिलेला होता, तरी म्हातारा वार चुकला म्हणून मामी कपाळ बडवत बसली. शुक्रवारी पोपटरावांच्या गाडीतून तेजू आली तेव्हा हा विमानतळाबाहेरच्या बाकावर बसलेला. आदल्या संध्याकाळपासून तिथेच. सगळे त्याला बोलले, मीही बोलले. तो ऐकू येत नसल्यासारखा बसून राहिला, आणि त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

खेडच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, दादा, तू वार चुकलास ना? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मुराळी कधी त्याच दिवशी येतो का गं? आदल्या दिशी येतो, रातीला ऱ्हातो, मंग बहिनीला घिऊन निघतो."

शैलेश, हे मला आठवायला हवं होतं. दर पंचमीला तो आदल्या दिवशीच यायचा. सासरी त्याचं जेवण व्हायचं, रात्री तो ओसरीवर झोपायचा, आणि त्याची शिदोरी सासू शेजारीपाजारी वाटायची. यावेळीही मामीकडून त्याने दशम्या करून घेतल्या होत्या, कशाला ते सांगितलं नव्हतं. त्या त्याने तिथल्या पहाऱ्यावरच्या पोरांना आणि गाडीवाल्यांना वाटून टाकल्या. म्हणजे त्या काठालाच त्याने माझं सासर धरलं होतं. तो वार चुकलाच नव्हता, आणि आम्ही सगळे त्याला शिकवत होतो. अजूनही मामीचा यावर विश्वास नाही, ती म्हणते चुकला आणि नंतर रीत आठवली. मला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हींत मला सारखाच आनंद आहे.

मी कोण म्हणून गावात यायचं, असं मी त्याला लिहिलं होतं. त्याचं उत्तर मिळालं.

सोनल, फ्रीजमधलं लिंबाचं लोणचं आता काढलंस तरी चालेल.

तुमची
आई

*

निरगुडसर
३ ऑगस्ट २०२५

चि. शैलेश यास,
मामाचे अनेक आशीर्वाद. सौ. सोनल आणि चि. शौर्यलाही.

पंचमी झाली. तुझी आई झोक्यावर बसली, तिला बायकांनी उतरू दिलं नाही. दिंडं खाऊन तिचं पोट दुखलं, आता बरं आहे. तू काळजी करशील म्हणून लिहिलं, करू नकोस.

आता कामाचं. तू परतीचं तिकीट काढून पाठवतो म्हणालास असं ती सांगत होती. तर भाच्या, तसं होत नाही. लेक माहेरी आणायला माहेरचं माणूस जातं, ते मी केलं. माघारी न्यायला सासरचं माणूस यावं लागतं. तिचं सासर म्हणजे आता तूच. तिला एकटीला विमानात बसवून पाठवून दिली, तर तिच्या सासऱ्यांना वर काय वाटेल? तूही नऊ वर्षांत आला नाहीस, हे मी बोलत नाही, नुसतं लिहितो.

लांब आहे असं सांगू नकोस. सगळी चौकशी मी करून ठेवली आहे. तुमच्या मैलांनी सात हजार आठशे, आमच्या किलोमीटरने साडेबारा हजार, आणि इकडे येताना सोळा नाही, चौदाच तास लागतात. तुझ्याच तोंडचं आहे. फोन करून कारणं सांगशील तर मला ऐकू येत नाही.

न्यायला येणाऱ्यानेही आदल्या दिवशी यावं आणि रात्र काढावी, शौर्यला घेऊन. एक रात्र कमी वाटली तर जास्त रहा. तुझी मामी म्हणते, त्या पोराने अजून आपली नदी पाहिलेली नाही.

तुझ्या आईला मी वार बदलायला लावला होता. तू मात्र खुशाल बुधवारी निघ.

मामा
हौशीराम